अधिछात्रवृत्तीची रक्कम राहू द्या, तारीख सांगा

प्रति,
राज्यातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू
आणि संशोधकांना अधिछात्रवृत्ती देणाऱ्या शासकीय संस्थांचे मा. संचालक यांस,

स.न.वि.वि.

मी पूर्णवेळ पीएच.डी. करते. माझं लग्न झालेलं आहे, मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि आमचं घर मुख्यतः माझ्या अधिछात्रवृत्तीवर, म्हणजे संशोधनासाठी मिळणाऱ्या फेलोशिपवर, चालतं. नवरा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. आमच्यासारखी घरं तुम्हाला शोधायची असतील तर फार लांब जावं लागणार नाही. पुण्यात धनकवडी-कात्रजकडे, संभाजीनगरला बेगमपुरा-पहाडसिंगपुऱ्यात, कुठल्याही विद्यापीठाच्या कुंपणाला लागून असलेल्या एका खोली-स्वयंपाकघराच्या वन आरकेत ती सापडतील. बाहेर वाळत घातलेल्या लहान मुलाच्या कपड्यांशेजारी संदर्भग्रंथांच्या झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा दिसला, की समजा तेच घर.

मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच सांगते. रक्कम वाढवू नका. आहे तीच द्या, पण कोणत्या तारखेला देणार ते सांगा आणि त्या तारखेला द्या.

रकमेबद्दल खरंच तक्रार नाही. १ जानेवारी २०२३ पासून यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना ३१,००० वरून ३७,००० झाली, वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ३५,००० वरून ४२,००० झाली. राज्यातल्या संस्थाही साधारण त्याच धर्तीवर चालतात. माझ्या माहेरी आजवर कुणाच्या खात्यात दरमहा एवढे पैसे आलेले नाहीत. माझ्याही येत नाहीत, कारण ‘दरमहा’ हा शब्द फक्त मंजुरीच्या पत्रात आहे. प्रत्यक्षात पैसे येतात ते कधी सात महिन्यांनी, कधी नऊ महिन्यांनी, एकगठ्ठा, बहुतेकदा मार्चएंडच्या धांदलीत.

अविवाहित विद्यार्थी असले दिवस काढू शकतो. मीही काढलेत. मेस बंद करायची, मित्राच्या खोलीवर पडायचं, चहा-पोह्यावर दिवस ढकलायचा. पण घरमालक पाच तारखेला भाडं मागतो, बालवाडीची फी तिमाही सुरू होण्याआधी भरावी लागते, गॅस संपतो तेव्हा संपतो. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडं दहा टक्क्यांनी वाढतं, आणि घर बदलायचं ठरवलं तर नवी अनामत, एजंटचं एक महिन्याचं भाडं, टेम्पो. यातलं कुणीही ‘अनुदान प्राप्त झाल्यावर’ थांबत नाही.

मग घर चालतं कसं? उधारीवर. उधारीचा एक हिशोब तुमच्यापर्यंत कधी पोचत नसेल म्हणून सांगते. रोख असेल तर मी महिन्याचं सामान डी-मार्टमधून आणते, तूरडाळ-तेल-साबण छापील किमतीपेक्षा स्वस्त पडतं. पैसे नसतील तर कोपऱ्यावरच्या दुकानात वही असते. वहीवर सामान घेणाऱ्या गिऱ्हाईकाने भाव विचारायचा नसतो, ही तिथली अलिखित रीत. दुकानदार भला माणूस आहे, लिहून घेतो, कधी टोकत नाही. पण तोही छापील किमतीनेच लिहिणार. म्हणजे ज्या महिन्यांत हातात काही नसतं, नेमक्या त्याच महिन्यांत मला डाळ महाग पडते. तुमच्या उशिराचा हा पहिला दंड.

दुसरा दंड सोन्यावर बसतो. फायनान्सवाल्याच्या काउंटरवर मंगळसूत्र ठेवलं की तो आधी कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढतो, वर ॲसिडचा थेंब टाकतो. मग काळे मणी, वाट्यांतली लाख, दोरा हे सगळं मनातल्या मनात वजा करून निव्वळ सोन्याचं वजन कागदावर लिहितो. आपल्याला चौदा ग्रॅमचं वाटत असतं, त्याच्या कागदावर साडेदहा भरतं. त्याच्या किमतीच्या काही हिश्शापुरतंच कर्ज मिळतं. बँकेत व्याज कमी, पण कागद जास्त आणि वेळ लागतो. फायनान्सवाला अर्ध्या तासात पैसे देतो आणि व्याज लावतो ते तसंच. मागच्या वर्षी मी त्या रांगेत असताना माझ्याच विभागातला एक सीनियर पुढे उभा होता. ‘इकडे कुठे?’ असं आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

माझी मंजूर रक्कम शासनाच्या तिजोरीत पडून असते, आणि तिच्यापोटी घेतलेल्या कर्जाचं व्याज मी भरते. थकबाकी आली की मूळ रक्कम येते, नऊ महिन्यांच्या व्याजाचा त्यात कुठेच उल्लेख नसतो. वीजबिल दोन दिवस चुकलं तर माझ्याकडून विलंब आकार वसूल होतो. तुमचा विलंब मात्र बिनव्याजी.

आता थोडं कागदावरच्या श्रीमंतीबद्दल. ३७,००० गुणिले बारा म्हणजे ४,४४,०००. हे आमचं कागदी उत्पन्न. शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठी आर्थिक दुर्बल गटाची मर्यादा १ लाख, लाडकी बहीण योजनेची अडीच लाख. आम्ही दोन्हीकडे बसत नाही आणि बसावं असा आग्रहही नाही. त्या योजना ज्यांच्यासाठी आहेत त्यांना मिळोत. पण हाच आकडा घेऊन बँकेत कर्ज मागायला गेलं तर साहेब पगारपत्रक मागतात. ते नाही. नियुक्तिपत्र? नाही. भविष्य निर्वाह निधी? नाही. नोकरदाराला मिळतो तो कराचा फॉर्म १६? अधिछात्रवृत्ती करमुक्त असते, त्यामुळे तोही नाही. शासनाच्या लेखी आम्ही साडेचार लाखांचं कुटुंब, बँकेच्या लेखी बिनउत्पन्नाचं. गावाकडे सासूबाईंच्या खात्यावर लाडकी बहीणचे १,५०० रुपये जमा होतात. तेही कधी मागेपुढे होतात, पण येतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी त्यातले हजार रुपये नातीच्या दुधासाठी पाठवले. पीएच.डी. करणाऱ्या सुनेने ते घेतले, एवढंच लिहिते.

सासऱ्यांकडे मागायची सोय होती ती सोयाबीनने घालवली. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आमच्या भागात बाजारात क्विंटलला चार हजारांच्या आसपास मिळत होते. त्यातून खताची उधारी फिटली, हेच खूप.

नवऱ्याच्या तासिकांचं वेगळं काय सांगू? नेमणुकीचा आदेश निघेपर्यंत श्रावण उजाडतो, परीक्षा लागल्या की तासिका संपतात, मानधन त्यानंतर कधीतरी. एका घरात दोन उत्पन्नं आणि दोन्हीही उशिराची. आमची भांडणं पैशांवरून होत नाहीत हे मी शपथेवर सांगते. ती तारखेवरून होतात. ‘कधी येणार?’ या प्रश्नाला मी ‘फाइल लेखा विभागात आहे’ असं उत्तर देते, आणि असं उत्तर वर्षभर ऐकणाऱ्या माणसाचा एक दिवस तोल जातो. त्याचाही जातो, माझाही. मग सणाला घरी गेलं की कुणीतरी मावशी विचारतेच, ‘अजून किती दिवस शिकणार गं?’ पुरुष संशोधकाला हा प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो: ‘पोरगी शाळेत जायला लागली, आता तरी कमवायला लाग.’ घरातल्या दोघांपैकी एकाने शिक्षण सोडायची वेळ आली की कोण सोडतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्या बरोबरीच्या दोघींची नोंदणी अशीच रद्द झाली. दोघींच्या विषयात काही कमी नव्हतं.

याच्या जोडीला तुमचं हमीपत्र. पूर्णवेळ अधिछात्रवृत्ती घेताना आम्ही लिहून देतो की दुसरीकडे कुठेही पगारी काम करणार नाही. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. संशोधन हे पूर्णवेळाचंच काम आहे. पण हात बांधून पंगतीत बसवायचं आणि वाढायला नऊ महिने लावायचे, ही कुठली रीत? मग लोक लपून कामं करतात. कुणी रात्री डिलिव्हरीची बॅग पाठीला लावतो, कुणी दहावीच्या शिकवण्या घेते, आणि काही जण दुसऱ्याचे प्रबंध लिहून देतात. शेवटचं काम मला अजिबात पटत नाही, मी तोंडावर बोलून दाखवलंय. तरी ते लिहिणाऱ्याच्या घरी गेल्या दोन महिन्यांचं भाडं थकलेलं होतं, हेही मला माहीत आहे.

राहण्याचा प्रश्न त्याहून अवघड. वसतिगृहात जागा मिळते ती एकट्या विद्यार्थ्याला. म्हणून तिशी ओलांडलेले, एक-दोन लेकरांचे बाप असलेले संशोधक कॉटबेसिसवर राहतात. यादीत नाव लागलं नाही तर मित्राच्या खोलीत ‘पॅरासाइट’ म्हणून राहतात, आणि बायको-मुलं गावाला. मुलांच्या वसतिगृहात कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेले बारशाचे फोटो बघितलेत का कधी? रेक्टरांना विचारा, त्यांनी बघितले असतील. दिल्लीच्या जेएनयूमध्ये विवाहित संशोधकांसाठी महानदी नावाचं वसतिगृह कितीतरी वर्षांपासून आहे. आयआयटींमध्येही अशी सोय असते. राज्य विद्यापीठांकडे जमीन कमी नाही; कितीतरी आवारांत मोर नाचतात एवढी मोकळी जागा आहे. शंभर नको, प्रत्येक विद्यापीठात वीस-पंचवीस छोटी घरं बांधली आणि त्यांचं भाडं घरभाडे भत्त्यातून थेट वळतं केलं तर विद्यापीठाचं काय जाईल? पुणे-मुंबई घरभाड्याच्या हिशोबात वरच्या, एक्स वर्गातली शहरं, म्हणून आमचा भत्ताही टक्केवारीने चांगला. फक्त तो अधिछात्रवृत्तीबरोबरच, म्हणजे घरमालकाचे टोमणे खाऊन झाल्यावर, येतो.

नियम वाईट नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. यूजीसीने ७ नोव्हेंबर २०२२ ला काढलेल्या पीएच.डी.च्या विनियमांत महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजेची तरतूद आहे. सहा वर्षांच्या मुदतीपुढे पुनर्नोंदणीने दोन वर्षं मिळतात, महिलांना आणखी दोन. लग्नामुळे गाव बदललं तर संशोधनाची माहिती दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. हे ज्या कुणी लिहिलं त्याला बाळंतपण आणि बदली या दोन्ही गोष्टी कळत असाव्यात. पण खिडकीवर गेलं की बाळंतरजेच्या महिन्यांचीही हजेरी मागतात. हजेरी नाही म्हणून त्या महिन्यांचं बिल बाजूला, त्या बिलामुळे पुढचं बिल बाजूला. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळचे काही महिने तसे अडकले आणि ती चालायला लागल्यावर सुटले. विनियमाची प्रत मी स्वतः झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली होती. समोरच्या बाईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे तुमचं, पण आमच्याकडे तसा फॉर्मॅट नाही.’

नावाचा घोळ हाही विवाहितेच्याच वाट्याला. नोंदणी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर, पॅन तिसऱ्याच स्पेलिंगचं, आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येणार. राजपत्रात नाव बदलून आणा, मग बघू. धाकट्या मैत्रिणींना मी आता सरळ सांगते, व्हायवा, म्हणजे प्रबंधाची शेवटची तोंडी परीक्षा, होईपर्यंत एकाही कागदावरचं नाव बदलू नका, सासूबाई रुसल्या तरी चालेल.

पुढचा परिच्छेद माझ्यासारख्या जोडप्यांसाठी आहे, आपण तो गाळला तरी चालेल. मोठी रक्कम एकदम आली की डोकं फिरतं. नऊ महिने मन मारलेलं असतं, त्यामुळे त्या आठवड्यात फ्रिज येतो, गाडी येते, गावाकडे कुणाच्यातरी लग्नात भारी आहेर होतो. त्याहून वाईट म्हणजे, अलीकडे मुलं ती रक्कम एफ अँड ओमध्ये, म्हणजे शेअरबाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सट्ट्यात, घालतात. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलंय की या व्यवहारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांनी तीन वर्षांत पैसे गमावले. आमच्या घरी रीत अशी: पैसे आले त्याच दिवशी आधी दुकानाची वही आणि हातउसने, मग सोनं सोडवणं, मग पुढच्या चार महिन्यांचं भाडं आणि मुलीची फी वेगळ्या खात्यात, त्या खात्याचं एटीएम कार्डच घ्यायचं नाही. उरेल त्यात हौस. भिशी मात्र बंद केली. भिशीत हप्ता चुकवला की माणसं तुटतात, आणि उत्पन्नाचा नेम नसलेल्या घराने भिशीत बसूच नये असं माझं मत झालंय. याने घर सावरतं, सुधारत नाही. हिशोबी बाई असणं हा अधिछात्रवृत्तीच्या वेळापत्रकावरचा उपाय होऊ शकत नाही.

आता तुमची बाजू. निधी तुकड्यातुकड्याने सुटतो, तरतूद कमी पडली की पुरवणी मागण्यांची वाट बघावी लागते, प्रत्येक संशोधन केंद्राकडून उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे आधीचे पैसे खर्च झाल्याचे दाखले, वेळेवर येत नाहीत, लेखा विभागात माणसं कमी आहेत. हे सगळं मला ऐकून पाठ झालंय आणि खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण याच शासनाची दुसरी एक व्यवस्था बघा. निवृत्तिवेतन घेणारे माझे मामा नोव्हेंबरात वर्षातून एकदा हयातीचा दाखला देतात आणि वर्षभर पेन्शन दरमहा खात्यात येते. मला मात्र मी या महिन्यात टेबलाशी होते, याचा दाखला दर महिन्याला द्यावा लागतो. त्यावर मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि प्राचार्य अशा तिघांच्या सह्या. तिघांपैकी एक जण कायम परगावी. आधी पैसे द्या आणि सहामाही प्रगती अहवाल आला की त्यावरून पडताळणी करा. कुणी मध्येच सोडून गेलं असेल तर पुढचे हप्ते थांबवा, दिलेले वसूल करा, त्याचंही हमीपत्र आमच्याकडून घ्या. एवीतेवी आम्ही इतकी हमीपत्रं लिहून देतो, त्यात आणखी एक.

विद्यापीठांनी आपल्या निधीतून तीन-चार महिन्यांची रक्कम फिरती ठेवली आणि संस्थेकडून पैसे आले की परत भरून घेतली, तर पाच तारीख पाळणं अशक्य नाही. ठेवींवर व्याज मिळवणाऱ्या विद्यापीठाला दोन महिने थांबणं जमतं. घरभाडं देणाऱ्या बाईला जमत नाही. तेवढंही होणार नसेल तर निदान फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते पोर्टलवर दिसू द्या. ‘प्रक्रियेत आहे’ हे दोन शब्द वाचून कंटाळा आलाय. आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त उशीर झाला तर त्या काळापुरती शिकवणीसारखी कामं करायला लेखी मुभा द्या, म्हणजे लपूनछपून करावं लागणार नाही.

विवाहित विद्यार्थी ही आपल्याकडची नवी गोष्ट नाही. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या डॉ. आंबेडकरांच्या मागे मुंबईत रमाबाई होत्या आणि वर्षाचाही न झालेला मुलगा होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीला दरवर्षी लक्ष्मीबाईंची आठवण निघते: वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. सभागृह हळवं होतं, पाहुणे डोळे पुसतात. मलाही दरवेळी भरून येतं. पण त्यागाच्या त्या गोष्टीत एक साधा हिशोबही आहे. मुलांच्या जेवणासाठी हातात वेळेवर पैसे नव्हते, म्हणून ते मंगळसूत्र गेलं. तेव्हा स्वतःचं सरकार नव्हतं. आज आहे, योजना आहेत, मंजुरी आहे, रक्कमही बरी आहे.

पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव आपल्याकडे याच दिवसांत चालते. फिरत्या निधीची तरतूद त्यात बसवायची तर हीच वेळ आहे. माझी दोन वर्षं उरलीत, म्हणजे मला याचा उपयोग होईलच असं नाही. पण विभागात यंदा नोंदणी झालेल्यांत तीन जण विवाहित आहेत आणि एकीला आठवा महिना आहे. तिचा बाळंतरजेचा अर्ज विभागप्रमुखांची सही होऊन विद्यापीठाच्या आवक शाखेत गेलेला आहे. फॉर्मॅट तेवढा आधी तयार करून ठेवा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक विवाहित संशोधक विद्यार्थिनी, पुणे